पत्र्यातलं ऊन

नातू जन्माला येऊन पन्नास दिवस झाले होते आणि धनसिंगने त्याला अजून हात लावला नव्हता.

तांड्यावरचं घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत लेक मिना आणि तिचं बाळ, बाहेरच्या खोलीत बायको भिकाबाई, आणि धनसिंगची खाट ओसरीत, प्लास्टिकचा कागद बांधून केलेल्या आडोशाला. मिना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्यापासून ही वाटणी झाली होती. रोज सकाळी पावणेसातला सायकल काढण्याआधी तो आतल्या उंबऱ्यापाशी जायचा, तोंडावर रुमाल धरायचा आणि बघायचा. दिसायचं एवढंच, लोकरीचं टोपडं आणि एक मिटलेली मूठ. कधी तेही नाही, नुसतं गोधडीचं गाठोडं.

"झालं बघून?" भिकाबाई चुलीपासून म्हणायची. "निघा आता. ढास लागली तर समदं लेकराच्या अंगावर उडंल."

तिचं काही चुकत नव्हतं. तांड्याच्या आशाताई मिराबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की खोकणाऱ्या माणसाला तान्ह्यापासून लांब ठेवा. आणि खोकणारा माणूस घरात एकच होता. बाळ झालं त्या दिवशी धनसिंगला ताप होता. पाचवीला सर्दी. बारशाच्या दिवशी तर आवाजच बसला होता. बायकांनी पाळण्यात नाव घेतलं ते त्याने अंगणातल्या खाटेवरून ऐकलं. रुद्र.

मिनाचं सासर साखऱ्याजवळच्या तांड्यावरचं. वर्षभरात जन्मलेल्या पोराचा होळीला धुंड करायची बंजाऱ्यांची रीत आहे. सगळा तांडा त्या घरासमोर जमतो, गाणी म्हणतो, पोराला आशीर्वाद देतो. त्यासाठी लेकरू आपल्या तांड्यातच पाहिजे, असा सासरचा निरोप आला होता. म्हणजे होळीच्या आधी मिना जाणार. होळीला दोन महिने होते. तेवढ्यात खोकला गेला पाहिजे, एवढंच धनसिंगच्या डोक्यात होतं. त्याने आयुष्यात फार काही मागितलं नव्हतं. हे एक होतं.

धनसिंग वारंगा फाट्यावर हळदीच्या गोदामात गोदामपाल होता. सव्वीस वर्षं. मालक शिवशंकरअप्पा, आडत व्यापारी, आणि माल म्हणजे पोत्यांच्या थप्प्याच थप्प्या. वाळलेल्या हळदीला उजेड चालत नाही, रंग उडतो. म्हणून गोदामाच्या खिडक्या कधीच विटांनी बुजवलेल्या होत्या आणि शटर अर्ध्यावर ओढलेलं असायचं. मधल्या वाटेवर छताला दोन फायबरचे पत्रे होते, त्यांतून काय येईल तेवढाच प्रकाश. धनसिंग सकाळी सातला आत जायचा आणि संध्याकाळी सातला बाहेर यायचा. दुपारची भाकर आतच. किल्ल्यांचा जुडगा कमरेला. गोदाम उघडं टाकून तो कधी फाट्यावर चहालाही गेला नव्हता, चहा आत यायचा. जाताना येताना सायकलवर गळ्याला मफलर, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला रुमाल. सुटीच्या दिवशी तो झोपायचा. शरीरच तसं झालं होतं. उठलं तरी न उठल्यासारखं. मांड्या जड, कंबर धरलेली, पोत्याची पावती लिहिताना मनगट दुखायचं. वय त्रेपन्न, पण जिना चढताना सत्तरीचा माणूस कठड्याला धरतो तसा तो थप्पीला धरून उभा राहायचा.

आणि दर पंधरा-वीस दिवसांनी सर्दी, तिचा खोकला, खोकल्याचा ताप. एक उतरतो न उतरतो तोवर दुसरं दारात. हमालांचा मुकादम सटवाजी चेष्टा करायचा.

"मामा, सारं हिंगोली खोकला झाला की हळदीचं दूध पितंय. तुमी तर हळदीतच मुरलात. तुमाला काहून ढास लागती?"

"तुझी कमी झाली असंल ती मला लागती," धनसिंग म्हणायचा. पण बोलण्यात दम नसायचा.

जानेवारीत तो कळमनुरीला पुनम मॅडमच्या दवाखान्यात गेला. मॅडम तरुण, बोलायला तुटक, पण ऐकून घ्यायच्या. थुंकी दोनदा तपासून झाली होती, छातीचा फोटो झाला होता. क्षय नव्हता. साखर नव्हती. मॅडमनी जुने कागद चाळले, एका वर्षात अँटिबायोटिकच्या सहा चिठ्ठ्या मोजल्या आणि विचारलं, "मामा, उन्हात किती वेळ असता?"

"ऊन?" धनसिंगला हसू आलं आणि हसण्यातून खोकला. "मॅडम, आपल्याकडं उन्हाची काय कमी हाय? उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर वितळून राहतंय."

"डांबराचं नाही विचारत मी. तुमच्या अंगावर किती पडतं?"

धनसिंगने मनात दिवस मोजला. सकाळी सात. संध्याकाळी सात. मफलर. सदरा. 

रक्ताचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला. डी जीवनसत्त्व सात. वीसच्या वर पाहिजे, तीस असेल तर चांगलं.

"हे हाडांचं असतंय न्हवं?" त्याने विचारलं. "मला तकलीफ छातीची हाय."

"हाडांचंही आहे, म्हणून तर अंग दुखतं. पण नुसतं हाडांचं नाही." मॅडमनी पेन खाली ठेवलं. "रोगाचा जंतू नाका-घशात शिरला की त्याला ओळखून तिथंच मारणाऱ्या पेशी असतात. त्यांना ते काम करायला हे जीवनसत्त्व लागतं. ते नसलं की जंतू सहज शिरतो, आणि शिरला की मुक्काम करतो. तुमच्या खोकल्याचं हे एकच कारण आहे असं मी म्हणणार नाही. गोदामात धूळ आहे, तुमचं वय आहे. पण ही कमी भरून काढता येते, म्हणून आधी ती भरू."

त्यांनी आठ पुड्या दिल्या. आठवड्याला एक, दुधातून. आणि रोज अर्धा तास ऊन, सकाळी दहा ते दुपारी तीनच्या मधलं, हात-पाठ उघडी ठेवून. "कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण ह्या कामाचं नाही. सूर्य वर आलेला पाहिजे. आपला रंग सावळा, आपल्याला जरा जास्तच बसावं लागतं."

"होळीपर्यंत खोकला जाईल का?"

"होळीचं काय?"

"नातू हाय," धनसिंग म्हणाला.

दोन पुड्या घेऊन झाल्या आणि तोंड आलं. भिकाबाईने जीभ बघितली, शेजारच्या निर्मलाबाईने बघितली, आणि दोघींचं एकमत झालं की औषध गरम पडलं. एवढी ताकदीची पुडी, उष्ण पडणारच. आतून मिना म्हणाली, "बा, रुद्रला आपण रोज ह्याचेच तर थेंब देतो. त्याला न्हाई गरम पडत, अन् तुमाला पडतंय?"

"त्याचे थेंब लहान हायेत," भिकाबाईने परस्पर निकाल दिला. सहा पुड्या देव्हाऱ्याच्या फळीवर गेल्या. धनसिंगला त्याचं फार वाटलं नाही. ऊन होतं ना. पुडी काय, उन्हाच्या बदली दिलेली वस्तू. खरा माल फुकट मिळत असताना बदली कशाला?

पण दहा ते तीन ही नेमकी माल आत-बाहेर होण्याची वेळ. किल्ली त्याच्याकडे, गेटपासवर सही त्याची. गोदाम सोडायचं कसं? दोन दिवस त्याने विचार केला आणि तिसऱ्या दिवशी लोखंडी स्टूल उचलून मधल्या वाटेवर, बरोबर फायबरच्या पत्र्याखाली ठेवलं. वरून पांढुरका उजेड पडत होता, जमिनीवर चादरीएवढा तुकडा. त्याने सदरा काढून पोत्यावर टाकला आणि बनियनवर त्या तुकड्यात बसला. अंगाला ऊबही लागली. पत्रा तापतो तेव्हा खाली लागतेच.

तो तुकडा एका जागी राहायचा नाही. साडेदहाला चौथ्या थप्पीशी, बाराला पाचव्या, दोनला सहाव्या थप्पीच्या कोपऱ्यात. धनसिंग त्याच्यामागे स्टूल सरकवायचा, वही मांडीवर घेऊन. मॅडमनी अर्धा तास सांगितला होता, तो तीन-तीन तास बसू लागला.

"मामा, तुमाला बी वाळू घातलंय का अप्पांनी?" सटवाजी पाठीवर पोतं घेऊन जाता जाता म्हणाला. हमाल हसले.

"बराबर. वाळलो की तोल कमी भरंल, तुलाच उचलायला सोपं."

चाळीस-बेचाळीस दिवस असे गेले. एकही दिवस त्याने चुकवला नाही. फेब्रुवारीत बारा दिवस खोकला आलाच नाही. तेराव्या दिवशी भिकाबाई आपण होऊन म्हणाली, "दोन दिवस अजून बघू. मग घ्या लेकराला." त्या रात्री धनसिंग जेवायला चुलीपाशी बसला. आतून बाळ कण्हल्यासारखं करत होतं, आणि तो घास थांबवून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी घसा खवखवला. संध्याकाळी सायकल हातात धरून चालत यावं लागलं. तिसऱ्या दिवशी ताप एकशे दोन, आणि छातीत डावीकडे सुई टोचल्यासारखं. पुनम मॅडमनी फोटो काढला, डाव्या फुप्फुसात न्यूमोनिया. दाखल करून घेतलं.

चौथ्या दिवशी, धनसिंग सलाईनवर असताना, मिनाला न्यायला तिचा दीर प्रेमदास आणि सासू जीप घेऊन आले. होळी पाच दिवसांवर होती. जीप फाट्यावरून न जाता मुद्दाम कळमनुरीवरून आणली. मिना एकटीच वर आली, बाळ जीपमध्ये सासूच्या मांडीवर ठेवून.

"खिडकीतून दिसंल बा," ती म्हणाली. धनसिंग सलाईनची काठी धरून खिडकीपर्यंत गेला. खाली जीपच्या काचेवर ऊन चमकत होतं. आतलं काही दिसलं नाही. त्याने तरी हात हलवला.

"दिसला?"

"व्हय," तो म्हणाला. "दिसला की."

घरी सोडायच्या आदल्या दिवशी मॅडमनी डी पुन्हा तपासलं. आठ.

"सातचं आठ? मामा, पुड्या घेतल्या का?"

धनसिंगने खरं सांगितलं. तोंड आलं, गरम पडलं, दोनच घेतल्या. "पण ऊन न्हाई चुकवलं मॅडम. रोज तीन तास. पत्र्याखाली."

"कुठल्या पत्र्याखाली?"

त्याने सगळं सांगितलं. स्टूल, तुकडा, चौथी थप्पी, सहावी थप्पी. सांगताना त्याला थोडा अभिमानच वाटत होता. मॅडम हसल्या नाहीत, याचं त्याला नंतर बरं वाटलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मामा, पत्र्यातून उजेड येतो, ऊब येते. पण उन्हातला जो भाग कातडीत हे जीवनसत्त्व तयार करतो, तो काचेतून येत नाही, आणि तुमच्या त्या पत्र्यातूनही जवळजवळ नाहीच. तुम्ही तीन तास बसा नाहीतर तीस. अंगाला ते पोचलंच नाही."

 धनसिंगचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलखामुलखातून फिरला होता, बाप शेवटच्या दिवसापर्यंत उघड्या पाठीने शेतात होता. त्यांना कुणी ऊन मोजून दिलं नव्हतं. आणि आपण बेचाळीस दिवस पत्र्याखाली ऊन खात बसलो. त्याला राग आला नाही. राग यायलाही अंगात काहीतरी लागतं.

"अन् तोंड येतं ते पुडीनं नाही," मॅडम म्हणाल्या. "अँटिबायोटिकनं येतं. पुड्या घ्या. पाण्यातून नाही, साय असलेल्या दुधातून. आणि बाहेर बसा. आता ऊन कडक होईल, बारा-एकला बसू नका, भोवळ येईल. साडेनऊ-दहाला, वीस मिनिटं. छताखाली नाही."

एप्रिल म्हणजे नव्या हळदीचा हंगाम. फाट्यावर ट्रॅक्टरची रांग लागलेली, गोदामात पाय ठेवायला जागा नाही. अशा दिवसांत वीस मिनिटं मागायची म्हणजे धनसिंगला चोरी करायला निघाल्यासारखं वाटत होतं. तीन दिवस तो अप्पांच्या गादीपर्यंत जाऊन परत आला. चौथ्या दिवशी अप्पांनीच विचारलं.

"काय रे धनसिंग, काय पाहिजे? सकाळपासून दाराशी घुटमळून राहिलास."

त्याने सांगितलं. चाचरत, मॅडमचा कागद पुढे करत. अप्पांनी कागदाकडे बघितलंही नाही.

"अरे, मग बस की उन्हात. तुला कोण धरून ठेवलंय? किल्ली सटवाजीकडं देत जा."

"हंगाम हाय अप्पा."

"हंगाम दरसालचा हाय. वीस मिनिटांत काय गोदाम पळून जातंय?" अप्पा हिशेबाच्या वहीकडे वळले, आणि मग काही आठवल्यासारखं पुन्हा मान वर केली. "सव्वीस वर्षं झाली. तू कधी इचारलंच न्हाईस."

धनसिंग गोदामात परत आला आणि पोत्यावर बसला. आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही.  कुणी दार लावलेलं नव्हतं. त्यानेच इतकी वर्षं ते लावलेलं धरलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो साडेनऊला वजनकाट्याच्या कट्ट्यावर बसू लागला, सदरा काढून, रस्त्याकडे पाठ करून. पहिल्या दिवशी हमालांनी हाळ्या घातल्या, एकाने फोटोही काढला. सटवाजी जवळ आला, बोलायला तोंड उघडलं आणि पाठ बघून थांबला. त्याची स्वतःची पाठ उन्हाने काळी ठिक्कर, पोत्यांनी घट्टे पडलेली. धनसिंगची पाठ त्या मानाने फिकट, तळघरात ठेवलेल्या भांड्यासारखी.

"बसा मामा," तो म्हणाला. "मी हाय आत."

पुड्या सुरू झाल्या. भिकाबाई दर सोमवारी स्वतः दूध तापवून, साय न काढता, समोर उभी राहून पाजायची. पहिल्या पुड्या फळीवर टाकायला आपणही होतो, हे ती बोलली नाही, पण दुधाचा पेला दोन्ही हातांनी द्यायची. एप्रिलच्या मध्यात पुन्हा सर्दी झाली. धनसिंग ओसरीत खाट टाकून पडला आणि वाट बघत राहिला, आता ताप, आता छाती. सहाव्या दिवशी सर्दी तशीच ओसरून गेली, छातीत न उतरता. थकवा गेला नाही. संध्याकाळी अजूनही सायकलचं पायडल जड लागायचं. मॅडम म्हणाल्या, इतक्या वर्षांचं आहे, दोन महिन्यांत कसं जाईल? मेच्या मध्यात डी चोवीस भरलं. त्यांनी छाती ऐकली, पुन्हा ऐकली, आणि म्हणाल्या, "जा मामा, नातवाकडं."

धनसिंग आणि भिकाबाई पहाटेच निघाले. कळमनुरी, हिंगोली, सेनगाव, प्रत्येक ठिकाणी गाडी बदलायची. साखऱ्याच्या फाट्यावर उतरले तेव्हा अकरा वाजले होते आणि धनसिंगचे पाय भरून आले होते. तांड्यापर्यंत दीड किलोमीटर चालायचं होतं. वाटेत तो दोनदा बसला.

मिनाची सासू जिवनबाई दारातच होती. "या व्याही, या. धुंड झाला, पोरगं बसाय लागलं, अन् आता उगवलात व्हय?"

"त्यांना कुठं मोकळीक," भिकाबाई म्हणाली. "हळदीचे राजे."

धनसिंग हात-पाय धुऊन आला. सवयीने उंबऱ्याच्या अलीकडेच थांबला, आणि रुमाल तोंडाकडे गेला. मिनाने तो हातातून काढून घेतला. "या बा, आत या."

बाळ गोधडीवर बसलं होतं, उशीचा टेकू देऊन. टोपडं नव्हतं. डोक्यावर दाट जावळ, हातात पितळी वाटी. धनसिंगने आजवर मनात जे लेकरू धरलं होतं ते मुठीएवढं होतं. हे मोठं होतं, एक पूर्ण माणूस होतं. त्याने खाली बसून हात पुढे केले. मिनाने उचलून मांडीवर ठेवलं.

रुद्रने वाटी सोडली, वर बघितलं, ओठ थरथरले आणि तो रडू लागला. साधं रडणं नाही, अंग ताठ करून, आईकडे हात टाकत.

"वळखत न्हाई ना अजून," मिना म्हणाली.

"वळख कुठून आसंल," जिवनबाई म्हणाली. "पाव्हणाच हाय तो त्याला."

भिकाबाईने हात पुढे केले. "द्या इकडं. घाबरलंय लेकरू."

"थांब जरा," धनसिंग म्हणाला.

त्याचे दंड दुखत होते. प्रवासाने पाठ मोडली होती. बाळ जोर करत होतं आणि त्या जोराने त्याचे खांदे हलत होते. काय करावं हे त्याला कळत नव्हतं. गाणं येत नव्हतं, आणि मांडी हलवायची तर गुडघे साथ देत नव्हते. तो नुसता धरून बसला. मिनाने आईकडे बघितलं, भिकाबाईने मान हलवून तिला थांबवलं. मग दोघी चहा ठेवायला आत गेल्या, जिवनबाईही उठली.

लेकरू रडत होतं. रडून त्याचं तोंड लाल झालं, गालावरून ओघळ धनसिंगच्या सदऱ्यावर उतरले, नाकही वाहिलं. धनसिंगने आपल्या बाहीने ते पुसलं आणि पुन्हा तसंच धरून ठेवलं.